मुलांना रवाना करण्याचे शास्त्र

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मुलाच्या वा मुलीच्या घरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत जी एक सल्लागार समिती आपोआप स्थापन होते, तिच्या सभासदत्वासाठी वय, नाते आणि कधीकाळी विमानात बसल्याचा पुरावा एवढी अर्हता पुरेशी असते. आणि ह्या समितीने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे प्रवासशास्त्र सिद्ध केले आहे ते इतके सर्वमान्य झाले आहे की, त्याविषयी शंका घेणारा मनुष्य अडाणी तरी ठरतो किंवा मत्सरी तरी. ह्या शास्त्राची पाच सूत्रे आहेत. सामान नीट भरले की तयारी झाली. कागदपत्रे हे एजंटाचे काम, त्यात मुलाने डोके घालू नये. विमानतळावरच्या अंमलदारापुढे कमी बोलावे आणि पढवलेले तेवढेच बोलावे. राहण्याची व्यवस्था तिथली ‘आपली माणसे’ पाहतात. आणि एकदा पोचला की, पुढचा खर्च तो तिथेच कमावून भागवतो. ह्यांवर कोणी आक्षेप घेतलाच, तर ठेवणीतले उत्तर तयार असते: “इतके हजारो गेले, कोणाचे काही अडले का?”

ह्या शेवटच्या प्रश्नाचेच आधी पाहू, कारण पाचही सूत्रांचा भार त्यावर तोललेला आहे. ज्यांचे अडले ते लग्नसमारंभात उभे राहून आपली कैफियत मांडत नाहीत, एवढी साधी गोष्ट ह्या प्रश्नकर्त्यांच्या ध्यानात येऊ नये ह्याचे नवल वाटते. ज्याच्या शिक्षणासाठी राहते घर बँकेकडे तारण पडले आहे, तो पहिल्याच सत्रात परवाना गमावून परत आला, तर त्याच्या घरी त्या विषयावर पडदा पडतो; पाहुण्यांना ‘तिथली हवा मानवली नाही’ असे सांगितले जाते. यशस्वी झालेल्यांनी सभा भरवाव्यात, अयशस्वी झालेल्यांनी तोंड लपवावे, आणि मग सभेत अपयशी कोणी दिसत नाही म्हणून अपयश नसतेच असा निष्कर्ष काढावा, ह्याला अनुभव म्हणत असतील तर अंधश्रद्धा कशाला म्हणावे?

आता सूत्रांकडे वळू. समितीचा आरंभ सामानापासून होतो, तेव्हा आपलाही तेथूनच होऊ द्या. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा काट्यावर चढवून-उतरवून, कुकरच्या पोटात गोड्या मसाल्याच्या पुड्या आणि त्या पुड्यांच्या फटींत मोज्यांच्या घड्या कोंबण्याचे जे कौशल्य आपल्या घरांनी हस्तगत केले आहे, त्याची प्रशंसा करावी तेवढी थोडीच. पण मुलगा निघाला आहे लंडनला किंवा लेस्टरला. आणि साउथॉल, वेम्बली किंवा लेस्टरचा बेलग्रेव्ह रस्ता ज्याने नुसता पाहिला आहे, त्याला तूरडाळ, हिंग आणि मोहरी ह्यांसाठी सातासमुद्रांपलीकडे ओझे वाहून नेण्याचे प्रयोजन समजावून सांगणे फार कठीण जाईल. बरे, जे तेथे बिनदिक्कत मिळते ते नेण्याचा सोस एक वेळ मायेपोटी क्षम्य मानू. पण जे नेण्यास कायद्याने बंदी आहे, नेमके तेच सर्वांत आग्रहाने भरले जाते, त्याला काय म्हणावे? भारतातून ब्रिटनमध्ये जाणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ स्वतःच्या खाण्यापुरतेही नेता येत नाहीत. म्हणजे देवापुढे ठेवून बॅगेत घातलेले दुधाचे पेढे, पनीर आणि आजीने कढवलेल्या साजूक तुपाची बरणी हा तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या दृष्टीने जप्त करण्याजोगा माल आहे. अमेरिकेत जाणाऱ्याने तर जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ आपण होऊन जाहीर करावयाचा असतो, आणि तो लपवला तर दंड होतो. ह्या दोन वाक्यांची माहिती समितीच्या एकाही सभासदाला नसते. कुकरच्या शिट्टीचे वजन मात्र सर्वांना तोंडपाठ असते.

ह्या विषयात इतिहासाची साक्ष काढावयाची तर मोहनदास गांधी नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याची काढता येईल. १८८८ च्या सप्टेंबरअखेर विलायतेच्या किनाऱ्यावर उतरताना त्याने खास ह्या क्षणासाठी जपून ठेवलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख चढवला, आणि त्या ऋतूत तसे कपडे घातलेले आपण एकटेच आहोत हे पाहून तो ओशाळला. बाकीचे सामान किल्ल्यांसह दुसऱ्याच्या हवाली केलेले, वार शनिवार, म्हणून कपडे बदलण्याचीही सोय उरली नाही. हे सर्व त्यांनी आत्मकथेत स्वतःच नमूद केले आहे. पण त्याच प्रकरणात हेही नमूद आहे की, त्यांच्याजवळ चार परिचयपत्रे होती, त्यांपैकी डॉक्टर प्राणजीवन मेहता ह्यांना त्यांनी तार केली होती, आणि डॉक्टर त्याच संध्याकाळी भेटीला येऊन हजर झाले. सामानाने फजिती केली. सोबत ठेवलेला कागद आणि वेळेवर केलेली तार ह्यांनी निभावून नेले. एकशेतीसहून अधिक वर्षांनंतरही ह्या प्रसंगातून आम्ही शिकलो काय, तर फ्लॅनेलच्या जागी थर्मल घालावे!

दुसरे सूत्र एजंटाचे. शहरोशहरी ज्यांच्या पाट्या झळकतात त्या सल्ला-कचेऱ्यांतील सर्वच लोक लबाड असतात असे म्हणण्याचा अविचार मी करणार नाही. पण अर्जावर सही विद्यार्थ्याची असते, अर्जातील विधाने सत्य असल्याचे प्रतिज्ञापन विद्यार्थ्याचे असते, आणि ते असत्य ठरल्यास शिक्षाही विद्यार्थ्यालाच होते, हे सत्य त्यामुळे तिळमात्र बदलत नाही. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे अर्जात फसवणूक केल्याचे सिद्ध झाल्यास दहा वर्षांपर्यंत पुढचे अर्ज नाकारले जाऊ शकतात. ह्या दहा वर्षांत एजंटाची कचेरी नव्या रंगात, नव्या पाटीसह, त्याच रस्त्यावर चालू असते. कॅनडात २०२३ साली बनावट प्रवेशपत्रांचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा हद्दपारीच्या नोटिसा ज्यांच्या हाती पडल्या त्यांत पंजाबातून गेलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, आणि आपले प्रवेशपत्र खोटे असल्याचे आपल्याला ठाऊकच नव्हते, असे त्यांतील कित्येकांचे म्हणणे होते. ते खरे मानले तरी प्रश्न उरतोच: ज्या महाविद्यालयात आपण शिकणार, त्याला एक पत्र पाठवून ‘माझा प्रवेश आपल्या दप्तरी नोंदलेला आहे ना?’ असे विचारण्याची बुद्धी कोणालाच का झाली नाही? कारण उघड आहे. डोके घालू नये, असे शास्त्र सांगते.

त्याहून विदारक उदाहरण अमेरिकेतले. मिशिगन राज्यात फार्मिंग्टन नावाचे एक विद्यापीठ होते. त्याला नाव होते, बोधचिन्ह होते, शुल्क होते, फक्त वर्ग आणि प्राध्यापक नव्हते, कारण ते अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानेच सापळा म्हणून उभारले होते. २०१९ साली तो सापळा जाहीर झाला, आणि त्यात सापडलेल्यांत भारतीयांचा भरणा होता. मोबदला घेऊन विद्यार्थी पुरवणारे दलालही पकडले गेले हे खरे. पण अटक, नाचक्की आणि परतीचे तिकीट ही विद्यार्थ्यांच्या वाट्यास यायची ती आलीच. अलीकडे ह्या परावलंबनाला एक नवी पायरी जोडली गेली आहे. ब्रिटनने प्लास्टिकचे निवासपत्र बंद करून विद्यार्थ्याची सारी कायदेशीर स्थिती ऑनलाइन खात्यात नोंदवण्याची पद्धत आणली. त्या खात्यात शिरण्याचा मार्ग विद्यार्थ्याच्या ईमेलातून आणि दूरध्वनी क्रमांकातून जातो. असे असता जो मुलगा ‘तुम्हीच सगळे भरा’ म्हणून एजंटाचाच ईमेल आणि एजंटाचाच क्रमांक तेथे नोंदवू देतो, तो आपल्या निवासाच्या हक्काचे मुखत्यारपत्रच परक्याला लिहून देत असतो. असे मुखत्यारपत्र जमिनीच्या सात-बाऱ्यासाठी आपल्यापैकी कोणी दिले असते काय?

तिसरे सूत्र पढवलेल्या उत्तरांचे. ह्यामागची कल्पना अशी की, विमानतळावर बसलेला अंमलदार हा एक शत्रू असून त्याला चकवून पलीकडे जाणे हीच प्रवासाची खरी परीक्षा होय. वस्तुस्थिती अशी की, पारपत्रावर उमटलेला व्हिसा अमेरिकेत प्रवेशाचे दार ठोठावण्याची मुभा देतो. दार उघडावे की नाही ह्याचा निर्णय तेथील अंमलदाराचा असतो, आणि तो निर्णय करण्यासाठी तो जे विचारतो ते साधे असते. कोणता अभ्यासक्रम, कोणत्या गावी, पैसा कोणाचा, राहणार कोठे? ज्याला ही उत्तरे खरोखर ठाऊक आहेत त्याला ती पाठ करावी लागत नाहीत. आणि ज्याला पाठ करावी लागतात त्याच्याबद्दल त्या अंमलदाराला संशय आला, तर दोष त्याचा कसा? आपण कोणता विषय शिकणार हे एजंटाने सांगेपर्यंत ज्याला ठाऊक नसते, त्याला गप्प राहण्याचा उपदेश करणारे शास्त्र त्याचे अज्ञान झाकते, दूर करीत नाही. अमेरिकेत अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तीस दिवसांहून अधिक आधी विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळत नाही, हा एक नियम तरी किती घरांत तिकीट काढण्याआधी उच्चारला जातो? तिकीट स्वस्त मिळाले, मुहूर्त चांगला निघाला, एवढ्यावर प्रस्थानाची तारीख ठरते; तीस दिवसांचा हिशेब मात्र कोणाच्याच पंचांगात नसतो.

चौथे सूत्र ‘आपल्या माणसां’चे, आणि ते सर्वांत गोड असल्यामुळे सर्वांत घातक. परक्या शहरात पहिल्या रात्री मराठी बोलणारा कोणी भेटला आणि त्याने गरम वरणभात वाढला, तर त्याच्याविषयी कृतज्ञताच वाटली पाहिजे. तेवढे मी मान्य करतो, आणि त्यापुढे एक अक्षरही मान्य करीत नाही. कारण ‘तू ये तर खरा, मग बघू’ ह्या आश्वासनावर विसंबून जो जर्मनीत उतरतो, त्याला दुसऱ्याच आठवड्यात कळते की, घरात राहायला आल्यापासून चौदा दिवसांच्या आत नागरी कचेरीत आपला पत्ता रुजू करावा लागतो आणि त्या नोंदणीसाठी घरमालकाचे लेखी पुष्टिपत्र लागते. मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्याला हे पुष्टिपत्र कोण देणार? घरमालकाला त्या गादीचा पत्ताच नसतो. पत्त्याची नोंद नाही म्हणून करक्रमांक अडतो, आणि निवासपरवान्याचेही घोडे अडते. आणि ज्याने प्रेमाने बोलावले तो आपल्याच भाडेकराराचा भंग होईल ह्या धास्तीने दोन आठवड्यांत तोंड चुकवू लागतो. ह्यात त्या मित्राचा दोष नाही. जी व्यवस्था करारनाम्याने करावयाची ती भिडेने केली की, भीड आणि मैत्री दोन्ही संपतात.

इंग्लंडची गोष्ट निराळी नाही. तेथे कायद्याने सामान्य भाडेकरूकडून पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही, आणि ती तीस दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवण्याचे बंधन घरमालकावर असते. हे संरक्षण ज्याला ठाऊक आहे तो घर न पाहता, करार न वाचता, ओळखीच्या ओळखीने सांगितले म्हणून परदेशी खात्यात दोन महिन्यांचे भाडे आगाऊ पाठवणार नाही. ज्याला ठाऊक नाही तो पाठवतो, आणि ते पैसे घेणारा पुष्कळदा ‘आपलाच माणूस’ असतो. आपल्या भाषेत बोलणारा मनुष्य आपल्याला फसवणार नाही, ही समजूत आपल्या गावात तरी कोणी बाळगतो का? मग विमानाने हजारो मैल गेल्यावरच ती एकाएकी खरी कशी व्हावी? जो देश शिकायला निवडला तेथील लोकांशी, कचेऱ्यांशी आणि कायद्याशी संबंधच येऊ नये अशी तजवीज करून त्या देशात राहणे, ह्यात शहाणपण ते कोणते?

पाचवे सूत्र पैशाचे. आणि येथे तर समिती अंकगणितालाच रजा देते. २०२५ सालचे आकडे घ्या. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला २० तासांहून अधिक काम करता येत नाही. त्या वर्षी एप्रिलपासून एकवीस वा अधिक वर्षांच्या कामगाराचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होते. म्हणजे कायद्याने दिलेला प्रत्येक तास राबला, एकदाही आजारी पडला नाही, परीक्षेसाठीही सुट्टी घेतली नाही, तरी आठवड्याचे २४४ पौंड आणि महिन्याचे सुमारे १,०५८ पौंड हाती येतात. त्याच वर्षाच्या आरंभापासून लंडनमधील विद्यार्थ्याने दरमहा निर्वाहासाठी १,४८३ पौंड दाखवावेत अशी तेथील सरकारची अट होती. म्हणजे विद्यापीठाचे शुल्क बाजूला ठेवले तरी खोली आणि अन्न ह्यांचाच हिशेब महिन्याला चारशेहून अधिक पौंडांनी तुटतो. ही वजाबाकी चौथीच्या मुलाला येते. पण सुशिक्षित बापाला, बँकेतल्या काकांना आणि सल्ला-कचेरीच्या संचालकांना ती येत नाही, असे मानण्यापेक्षा ती करावयाचीच नाही असे त्यांनी ठरवले आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

ह्या तुटीचा उपाय म्हणून जे सुचवले जाते ते तर अधिकच भयंकर. निर्वाहाचा पैसा खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो, म्हणून २८ दिवसांपुरता तो व्याजाने आणून दाखवावयाचा आणि एकोणतिसाव्या दिवशी परत करावयाचा. मग मुलगा पोचल्यावर त्याने २० तासांच्या पलीकडचे काम रोखीने करावयाचे, किंवा दुसऱ्याच्या नावावरच्या खात्याने घरोघरी जेवण पोचवावयाचे. विद्यार्थी-परवान्यावर स्वयंरोजगारास मुभाच नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. असा मुलगा मालकाने वेतन बुडवले तर तक्रार करू शकत नाही, सायकलवरून पडला तर अपघाताची हकीकत मोकळेपणाने सांगू शकत नाही, आणि दारावर कोणी थाप मारली की दचकतो. ज्या घराने त्याला ‘कमावून भागवील’ म्हणून रवाना केले, त्याच घराने त्याच्या असहायतेचा मसुदा आधीच लिहून ठेवलेला असतो.

प्रकृतीच्या बाबतीतही हाच न्याय. व्हिसाच्या अर्जासोबत प्रत्येक वर्षासाठी ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरून जो विद्यार्थी ब्रिटनमध्ये उतरतो, त्याला तेथील स्थानिक डॉक्टरकडे नाव नोंदवण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून असतो. पण बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्यांचा साठा घालून दिलेला असल्यामुळे ही नोंदणी पुढे ढकलली जाते, आणि ताप चढल्यावर मुलगा रात्री दोन वाजता पुण्याला फोन करून कोणती गोळी घेऊ म्हणून विचारतो. पैसे भरलेली सेवा दाराशी, आणि चिकित्सा साडेचार हजार मैलांवरून!

आता उरला शेवटचा गड. “आम्हांला कोणी काय सांगितले होते? आनंदीबाई गेल्या, बाबासाहेब गेले, त्यांना कोणी सूचनापत्रके दिली होती? अति सांगण्याने मुले पांगळी होतात.” हा युक्तिवाद ऐकायला मोठा तेजस्वी वाटतो, पण ज्यांची नावे तो घेतो त्यांचीच चरित्रे तो वाचत नाही. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या त्या अंधारात उडी घेऊन निघाल्या नव्हत्या. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार आधीपासून चालू होता, आणि आपण अमेरिकेस का जातो ह्याची कारणे त्यांनी निघण्याआधी बंगालमधील श्रीरामपूरच्या जाहीर सभेत स्वतः उभे राहून सांगितली होती. तीच कारणे स्वतःच्या शब्दांत सांगू शकणारी किती मुले आज विमानतळावर उभी असतात? डॉक्टर आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला पोचले ते बडोदे संस्थानाशी केलेल्या करारावर सही करून. आपण कशासाठी जातो, काय शिकणार आणि त्याबदली दहा वर्षे कोणती सेवा बांधून घेतली आहे, हे त्यांना ठाऊक होते. आणि ज्यांची पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये फजिती झाली, त्या गांधींनी मायदेशी परतल्यानंतर काही वर्षांतच विलायतेस जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात कोणी जावे येथपासून आठवड्याला एका पौंडात कसे राहावे येथपर्यंत खर्चाचा तपशील आहे. थोरांना सल्ला नव्हता, हे म्हणणे त्यामुळे निखालस खोटे ठरते. त्यांना सल्ला होता, त्यांनी तो मागितला, तपासला आणि मग दुसऱ्यांना दिलाही. फरक एवढाच की, त्या सल्ल्यात हिशेब होता, पत्ते होते आणि कारणे होती.

मुले पांगळी होतात ती सांगण्याने होत नाहीत. त्यांच्या वतीने सारे परस्पर उरकल्याने होतात. बावीस वर्षांचा सज्ञान पदवीधर, ज्याचे मत आपण देशाचे सरकार निवडण्यास पुरेसे मानतो, त्याला स्वतःच्या परवान्यावरच्या अटी वाचू न देणारी माया ही माया नसून अविश्वास होय. आणि हा अविश्वास तो परक्या देशात जन्मभर पुरेल एवढ्या भीतीच्या रूपाने बरोबर घेऊन जातो. परदेशी विद्यापीठे, वकिलाती आणि गृहखाती आपापले नियम प्रसिद्ध करतात, विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कचेऱ्या असतात, आणि तेथे विचारलेल्या प्रश्नाला फी पडत नाही. एवढे असूनही जर आमची मुले काकांच्या मेहुण्याला विचारून निघत असतील, तर उणीव माहितीची नाही. मूळ दस्तऐवज वाचण्याची सवय आम्ही त्यांना लावली नाही, ही आहे.

म्हणून ज्यांची मुले येत्या हंगामात निघणार आहेत त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. प्रवेशपत्र, परवान्याच्या अटी, भाड्याचा करारनामा आणि वर्षाच्या खर्चाचा हिशेब हे चार कागद मुलाने स्वतः वाचावेत, न समजलेले प्रश्न स्वतः विद्यापीठाला लिहून विचारावेत, आणि मग ते तुम्हांला आपल्या शब्दांत समजावून सांगावेत. तुम्ही ऐका. हिशेब जुळत नसेल, तर एक वर्ष थांबा. थांबण्यात नामुष्की नाही. आणि ज्याला हे चार कागद समजावून सांगता येत नाहीत, त्याचे तिकीट काढू नका, कारण तेथे उतरल्यावर प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच्याच नावाने मागितले जाणार आहे.